खेळाडू कुणी आणायचा? कोचनं, अध्यक्षानं की तिसऱ्याच कुणी?

पेठेतला_गोली

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. एका तालमीच्या फुटबॉल संघाचं काम बघतो. नाव सांगत नाही, निम्मं गाव इथं वाचतंय. पूर्वी गोलपोस्टात उभा राहायचो. गुडघा गेल्यापासून वर्गणीची वही आणि किटची बॅग माझ्याकडं.

गेल्या सीझनआधी आमच्या अध्यक्षांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. चार मिनिटांचा, मागं गाणं, परदेशी पोरगं, दर पंधरा सेकंदाला गोल. झालं, ठरलं. खोली भाड्यानं घेतली, गादी-गॅस आणला, अॅडव्हान्स दिला. कोचला कळलं ते पोरगं सरावाला येऊन बूट बांधायला लागलं तेव्हा. फॉरवर्ड आमच्याकडं होताच, आमच्याच गल्लीतला. पाहिजे होता स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, कारण आदल्या वर्षी आम्ही निम्मे गोल कॉर्नरवर खाल्लेले.

नवा खेळाडू वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण त्याला बॉल पायात लागायचा आणि आमचे हाफ, म्हणजे मधल्या फळीतले, बघितला बॉल की मारला लांब. शाहू स्टेडियमवर तिसऱ्याच मॅचला गॅलरीतनं कोचच्या नावानं शिव्या सुरू. कोच म्हणाला, मी आणलाच नाही. अध्यक्ष म्हणाले, पैसे मी घातलेत, म्हणजे खेळवायलाच पाहिजे. गल्लीतलं पोरगं बाकावर बसलं, रुसलं आणि यंदा दुसऱ्या तालमीकडं चाललंय म्हणे. कोचही गेला. खोलीचं डिपॉझिट अजून मिळालेलं नाही.

आता नव्या कोचची अट: खेळाडू मी निवडणार, नाहीतर येत नाही. यादी दिलीय पाच जणांची. पाचही त्याच्या जुन्या संघातले! मोठ्या क्लबांत हे कोण ठरवतं? आणि त्यातलं आमच्यासारख्या वर्गणीवाल्यांना काय जमेल?

---

कॉपवाला_पुणेकर

दादा, तुमची गोष्ट लिव्हरपूलला २०१५ साली घडून गेली आहे, फक्त गादी-गॅस नव्हता.

ब्रेंडन रॉजर्स २०१२ मध्ये कोच म्हणून आला तेव्हाच त्यानं आपल्या डोक्यावर स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा साहेब, नको म्हणून सांगितलं होतं. मालकांनी मधला मार्ग म्हणून खेळाडू निवडायला समिती नेमली. मधला मार्ग म्हणजे काय, तर २०१५ च्या उन्हाळ्यात दोन फॉरवर्ड आले. समितीच्या पसंतीचा रॉबर्टो फिर्मिनो सुमारे २ कोटी ९० लाख पौंडांना आणि रॉजर्सच्या पसंतीचा क्रिस्टियन बेंटेके ३ कोटी २५ लाखांना. दोघांच्या खेळाचा एकमेकांशी संबंध नाही. रॉजर्सनं फिर्मिनोला कडेला ढकललं. (बेंटेकेनं मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, मारलेली बायसिकल किक मात्र मी अजून अधूनमधून बघतो. हरलो होतो ती मॅच.) ऑक्टोबरात रॉजर्सची नोकरी गेली. नवा कोच क्लॉप आला, त्यानं फिर्मिनोला मधोमध उभं केलं आणि बेंटेके पुढच्या उन्हाळ्यात क्रिस्टल पॅलेसला गेला.

पुढचं जास्त महत्त्वाचं. २०१७ मध्ये क्लॉपला हवा होता लेव्हरकुसेनचा युलियान ब्रांट. क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर मायकेल एडवर्ड्स आणि त्याची माणसं फॉरवर्ड सालाहसाठी पाठीच लागली. आकडे बघायला इयन ग्रॅहम होता, तो मूळचा भौतिकशास्त्रातला डॉक्टरेट. क्लॉपनं शेवटी ऐकलं आणि हे त्यानं स्वतः उघडपणे सांगितलेलं आहे. सालाहनं पहिल्याच हंगामात लीगमध्ये ३२ गोल केले.

म्हणून माझं मत: कोचकडे निवड नको. त्याच्याकडे नकार असू द्या. त्याला पटेपर्यंत खेळाडू आणायचा नाही, पण शोधायचा दुसऱ्यांनी.

---

सांगलीची_शिट्टी

मी कोच होतो, नऊ वर्षं. त्यामुळे वरच्या मताला जरा टोचतो.

हरलं की शिव्या कुणाला? एडवर्ड्सच्या नावानं गॅलरीत कुणी ओरडलेलं ऐकलंय का? ज्याची मान सुळावर त्याला खेळाडू मागायचा हक्क पाहिजे. मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसननं १९८६ ते २०१३ तेच केलं. तो गेला, त्याच उन्हाळ्यात व्यवहार सांभाळणारा डेव्हिड गिलही गेला आणि मग बघा गंमत. युनायटेडला हव्या असलेल्या फेलायनीच्या करारात २ कोटी ३५ लाखांना सोडायची अट होती, तिची मुदत जुलैअखेर संपली. युनायटेडनं त्याला विंडोच्या, म्हणजे खेळाडू खरेदीच्या मुदतीच्या, शेवटच्या दिवशी घेतला, २ कोटी ७५ लाखांना. बाजार उठताना भाजी महाग मिळालेली मी पहिल्यांदा बघितली.

पण आता दुसरी बाजूही मीच सांगतो, कारण गोलीभाऊंच्या त्या पाच नावांच्या यादीत मला मीच दिसलो. कोच ओळखीचा खेळाडू का मागतो? त्याला वेळ नसतो. चार मॅच हरलो की आपण घरी, मग अनोळखी पोराला समजून घेत कोण बसणार? युनायटेडचा नंतरचा कोच टेन हागनं तेच केलं. त्याच्या जुन्या क्लबचा, आयाक्सचा, लिसान्द्रो मार्टिनेझ आणला, तो उपयोगी पडला. आयाक्सचाच अँटनी आणला, आठ कोटी पौंडांच्या वर मोजून. ऑक्टोबर २०२४ ला टेन हाग गेला, अँटनीचा करार मागं राहिला. मीही एकदा माझ्या शिरोळकडच्या डाव्या बॅकला चार संघ फिरवलाय. पोरगं गुणी होतं, पण चौथ्या संघाला डावा बॅक नकोच होता.

त्या नव्या कोचला पाचातली दोन नावं द्या आणि विचारा, ह्यांच्याऐवजी दुसरं कुणी तसलंच काम करणारं मिळालं तर चालेल का? नाही म्हणाला तर त्याला खेळाडू नको आहेत, गोतावळा हवाय.

---

टेम्सकाठचा_नाना

मी मूळचा इस्लामपूरचा, बावीस वर्षं पश्चिम लंडनमध्ये. इथल्या ब्रेंटफर्ड क्लबच्या जुन्या मैदानाच्या चारही कोपऱ्यांना एकेक पब होता, त्यातल्या एकात बसून ही भांडणं ऐकलीत.

इथं मालक मॅथ्यू बेनम. लहानपणापासूनचा पाठीराखा, धंदा सट्ट्याच्या आकडेमोडीचा. २०१५ मध्ये संघ वर चढत होता आणि भर हंगामात जाहीर झालं की मॅनेजर मार्क वॉरबर्टन हंगामाअखेर जाणार. खेळाडू निवडताना शेवटचा शब्द कुणाचा, हाही वादाचा मुद्दा होता. लोक चवताळले. जिंकणाऱ्याला घालवतात का कुणी? त्यातून संघ त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत पाचवा आला. नवा कोच आणला तो सप्टेंबरातच घरी गेला. आमच्या टेबलावर सगळे म्हणाले, बुडालो.

बुडालो नाही. फॉरवर्ड मोपे विकला तर त्याच्या जागी वॉटकिन्स तयार होता. वॉटकिन्स, जो एक्सेटरहून सुमारे १८ लाखांना आणलेला, तो २०२० मध्ये अॅस्टन व्हिलाला २ कोटी ८० लाखांना विकला, तर पीटरबरोचा टोनी आला. टोनीनं त्या वर्षी लीगमध्ये ३१ गोल ठोकले आणि २०२१ ला आम्ही प्रीमियर लीगमध्ये. कोच बदलले, पण खेळाडू हेरणारी माणसं टिकली. कोच थॉमस फ्रँक २०२५ ला टॉटनमला गेला, तेव्हा त्याच्या जागी संघातलाच सेट-पीसचा, म्हणजे कॉर्नर-फ्री किकचा, प्रशिक्षक बसवला. वही तीच, हातातला खडू वेगळा.

गोलीसाहेब, तुमच्या तालमीत सगळ्यात जास्त टिकलेला माणूस कोण? किटची बॅग ज्याच्याकडे आहे तोच ना?

---

गॅलरी_पासधारक

एवढं कशाला? बिल्बाओचा अॅथलेटिक क्लब बघा. फक्त बास्क मुलखातली पोरं घेतात आणि स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून आजवर कधी खाली उतरले नाहीत. आपल्या अनिकेत जाधवला २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशानं घेतला, तो कोल्हापूरचाच. गल्लीतलं पोरगं दुसऱ्या तालमीला चाललंय आणि तुम्ही इथं लिव्हरपूल वाचताय. आधी त्याच्या घरी जा!

---

पेठेतला_गोली

गॅलरीवाल्या, गेलो होतो. त्याच्या आईनं चहा दिला, त्यानं तोंड दिलं नाही. परवा पुन्हा जातोय, कोचला घेऊन. अध्यक्षांना नाही.

काल बैठक झाली. नानांचं ते 'टिकलेला माणूस' वाचून दाखवल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मला घाम फुटला. शेवटी असं ठरलं. कोचनं नावं द्यायची नाहीत, कसला खेळाडू पाहिजे ते कागदावर लिहायचं. शोधायचं काम माझं आणि दोन जुन्या खेळाडूंचं, त्यातला एक सेंट्रल हाफ होता, त्याला माणसं कळतात. मिळेल त्याला दोन दिवस सरावात खेळवायचं, व्हिडिओवर कुणीही यायचं नाही. कोच नको म्हणाला तर नको. पैशाला हो-नाही अध्यक्षांचं, पण खेळाडूला हो-नाही त्यांचं नाही. ह्या वाक्याला पाऊण तास लागला आणि दोनदा 'मग मी राजीनामाच देतो' झालं.

कोच आधी फुगला. शिट्टीभाऊंचा प्रश्न विचारला, तर पाचातल्या तिघांबद्दल 'चालेल दुसरा' म्हणाला. दोघांना सरावाला बोलावलंय.

कागदाची पहिली ओळ अशी: स्टॉपर. हेड चांगला, कॉर्नरला माणूस न सोडणारा, बॉल जवळ पास करू शकणारा. खाली माझ्या अक्षरात: कोल्हापुरात स्वतःची राहायची सोय असल्यास उत्तम. असा कुणी नजरेत असेल तर इथंच निरोप टाका.