जातमुचलक्यातली 'जात' कुठली?

तापीकाठ: चोपड्याकडच्या पाड्यांवर वाटायला कायद्याचं पत्रक मराठीत करतोय. 'पर्सनल बाँड'ला, म्हणजे सुटण्यासाठी आरोपीने स्वतःच दिलेल्या लेखी हमीला, 'जातमुचलका' लिहिलं. वाचून दाखवलं तर एक पावरा पोरगा विचारतो, "म्हणजे जातीचा दाखला लागंल का?" दुसरा शब्द सुचवा.

भरीतपुरी: ही जात अरबी, म्हणजे स्वतः. 'साहेब जातीने हजर होते' मधली. शब्द बरोबर आहे, बदलू नका.

तापीकाठ: बरोबर आहे हो, पण पोराला कळला नाही ना.

शुद्धमराठी: 'स्वबंधपत्र' लिहा. मुचलका तर तुर्की.

भरीतपुरी: मग जामीनही काढा, तोही अरबीच.

अमळनेरकर: जामीनवरून आठवलं. आजोबा म्हणायचे, "मी त्याले जामीन ऱ्हायनू." वकील भाचा टोकतो, माणूस तो जामीनदार, जामीन म्हणजे सुटका. पण मूळ अरबीत हमी घेणारा माणूसच जामीन! आजोबा बरोबर होते.

सातबारा: आणि नुसता माणूस चालत नाही, ऐपतदार लागतो. आमचा सालदार मारामारीत अडकला. त्याच गुन्ह्यात एका बागायतदाराचा मुलगाही होता. ठाण्यात त्याला खुर्ची, याला "ए, खाली बस". गुन्हा जामीनपात्र, जामीन दोघांनाही मंजूर. मुलगा संध्याकाळी घरी. सालदाराला सातबारावाला जामीन मिळेना, बारा दिवस आत.

भरीतपुरी: जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीन देता आला नाही, तर तेवढ्यावरून माणूस निर्धन धरता येतो, मग जातमुचलक्यावर सोडायचं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 478. आधीच्या कायद्यातही होतं.

सातबारा: त्याला कोण सांगणार? आम्हालाही ठाऊक नव्हतं.

अमळनेरकर: 1978 मधला मोतीराम खटला बघा. मध्य प्रदेशातला गवंडी, 10,000 चा जामीन मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला! सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1,000 च्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं.

शुद्धमराठी: 'ऐपत' तरी आपला आहे का?

भरीतपुरी: मला तोही बाहेरचाच वाटतो.

अमळनेरकर: छे, अहिराणीत सर्रास बोलतात.

भरीतपुरी: बोलतात म्हणून आपला? मग मुचलक्यानं काय घोडं मारलं?

तापीकाठ: अहो, पत्रक उद्या छापायला जायचंय. 'स्वतःच्या सहीवर सुटका' लिहू?

शुद्धमराठी: सही अरबी आहे.