कडुलिंबाच्या सावलीतल्या तुरीलाच अळी जास्त का पडायलीय?

शिवार_औसा
राम राम मंडळी. औसा तालुक्यात तीन एकर तूर आहे, बीडीएन 711 जातीची, सोयाबीनमध्ये आंतरपीक घेतली होती, सोयाबीन निघालं आता तूर एकटीच उभी आहे, फुलात आहे आणि खालून शेंगा धरायलीय. पश्चिमेच्या बांधावर आजोबांनी लावलेले चार मोठे लिंब आहेत, दुपारी दोननंतर त्यांची सावली पहिल्या सहा-सात तासांवर (म्हणजे ओळींवर) पडते ती दिवस मावळेपर्यंत. आता प्रश्न असा की ह्याच तासांत शेंगा पोखरणारी अळी दरवर्षी जास्त असते. बी तेच, खत तेच, फवारणी एकाच दिवशी एकाच पंपाने. काल पोतं अंथरून दहा झाडं उघड्यावरची हलवली तर सगळ्या मिळून 4 अळ्या पडल्या, सावलीतली दहा हलवली तर 19. आणि झाडं पण बघा, सावलीतली तूर माझ्या डोक्याच्या वर गेलीय, पेरं लांब लांब, फांद्या कमी, पान मऊ आणि पातळ. उघड्यावरची बुटकी पण भरलेली.

शेजारचे म्हणायलेत लिंब तोड म्हणून. तोडायला जीव होत नाही. सावलीमुळंच अळी वाढते का, का मी उगाच सावलीवर ढकलायलोय? कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

कीटक_परभणी
दादा तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे आणि पोत्यावर मोजून बघितलं हे तर फारच चांगलं केलं. मी परभणीला कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकलो, मला जेवढं समजलंय तेवढं सांगतो, जरा लांब होईल.

झाड काही नुसतं उभं राहून खाऊन घेत नाही. अळीनं पान कुरतडलं की झाडाच्या आत जॅस्मोनिक ॲसिड नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते सगळ्या झाडाला सांगतं की आता कडू, तुरट, पचायला अवघड अशी द्रव्यं बनवा. काही द्रव्यं अशी असतात की अळीच्या पोटात गेली की तिला पानातलं प्रथिन पचवताच येत नाही, मग ती खाते पण वाढत नाही. हे सगळं बनवायला झाडाला खर्च येतो, आणि हा खर्च करायचा का नाही हे झाड उजेड बघून ठरवतं.

उजेड बघून म्हणजे कसं, तर हिरवं पान लाल रंगाचा प्रकाश शोषून घेतं पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा, ज्याला फार-रेड म्हणतात तो खाली गळू देतं. उघड्या उन्हात लाल आणि फार-रेड जवळपास सारखे असतात, लाल थोडा जास्तच. झाडाच्या दाट सावलीत लाल एकदम कमी होतो. तुरीच्या पानात फायटोक्रोम म्हणून एक रंगद्रव्य असतं ते हा फरक ओळखतं, आणि झाड समजतं की शेजारी दुसरं झाड आहे, उजेड हवा असेल तर पळा वर. मग पेरं लांबतात, फांद्या कमी होतात, पान पातळ होतं, म्हणजे तुम्ही जे लिहिलंय तंतोतंत तेच. आणि ह्या वर पळण्याच्या नादात जॅस्मोनिक ॲसिडचं ऐकणं झाड कमी करतं. अळी खायलीय हे कळतं पण प्रतिकार अर्धवटच उभा राहतो. उंची आणि राखण दोन्ही एकदम परवडत नाही असं समजा.

दुसरी गोष्ट अतिनील किरणांची. उन्हातले यूव्ही-बी किरण पानावर पडले की पान स्वतःला जपायला फिनॉल आणि फ्लेव्होनॉइड जातीची द्रव्यं जास्त बनवतं, आणि त्यातली बरीच अळीलाही नको असतात. अर्जेंटिनात सोयाबीनवर हे उघड्या शेतात करून बघितलंय, काही तुकड्यांवर यूव्ही-बी अडवणारा प्लास्टिकचा कागद लावला आणि काहींवर तो किरण येऊ देणारा. जिथं किरण अडवला तिथलं सोयाबीन अळीनं जास्त खाल्लं. ती अळी आपल्या उंट अळीसारखीच पानं खाणारी. हा प्रयोग तुरीवरचा नाही हे खरं, पण उजेड ओळखण्याची यंत्रणा सगळ्याच हिरव्या झाडांत साधारण सारखी आहे.

आमराई_अंबाजोगाई
आमच्या केशर आंब्यात हेच भोगलंय दादा. बाग दाट झाली होती, दुपारी बारा वाजता पण आत अंधारल्यासारखं, आणि मोहोर आला की तुडतुडे एवढे की बागेत शिरलं की तोंडावर यायचे, पानं सगळी चिकट आणि काळी. तीन वर्ष फवारण्या वाढवत गेलो. मग एका जाणत्या माणसानं सांगितलं की औषध बदलू नका, झाड मधून उघडा. काढणी झाल्यावर मधल्या उभ्या फांद्या काढल्या, खाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत एवढं मोकळं केलं. पुढच्या मोहोराला फरक दिसला आणि त्याच्या पुढच्या वर्षी दोन फवारण्या कमी लागल्या. आता ह्यात झाडाची ताकद किती आणि वारं खेळल्यामुळं ओल कमी झाली ती किती हे वेगळं करून मला सांगता येणार नाही, तुडतुड्याला दमट अंधारी जागा आवडतेच.

लिंब मात्र तोडू नका हो. त्याच्यावर कोतवाल बसतो ना, तो दिवसभर तुमच्या तुरीतल्या अळ्या उचलतो. आम्ही पक्षीथांबे म्हणून काठ्या रोवतो आणि तुमच्याकडं तर आयते चार उभे आहेत. खालच्या फांद्या छाटा, फक्त.

नेट_जालना
एक गोष्ट सांगावी वाटली, कारण हे वाचून कोणी ऊन जास्त म्हणजे कीड कमी असं सरसकट धरून चालू नये. आमच्याकडं शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट असतात. कडक ऊन, कोरडी हवा आणि पाणी कमी पडलं की लाल कोळी आणि फुलकिडे सपाट्यानं वाढतात. कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतो, त्याला वरचं ऊन लागतच नाही. आणि पाण्याला ताणलेलं झाड उन्हात असून पण काही करू शकत नाही, कारण ते स्वतः जगायच्या मागं असतं. ऊन आणि मुळाला ओल दोन्ही पाहिजे.

अजून एक उलटी गोष्ट. पॉलिहाऊसवर यूव्ही अडवणारा कागद टाकला तर पांढरी माशी आणि फुलकिडे आत कमी येतात, कारण ह्या किडी अतिनील उजेडावरच वाट ओळखतात. म्हणजे झाडाची स्वतःची ताकद थोडी कमी होते पण पाहुणेच कमी येतात. बंद घरात हे चालतं, उघड्या वावरात नाही.

आणि युरिया किती टाकला ते पण बघा, सावलीत मऊ झालेल्या पानाला वरून नत्र जास्त झालं तर किडीला मेजवानीच.

शिवार_औसा
सगळ्यांचे मनापासून आभार. युरिया वेगळा टाकला नाही, सोयाबीनच्या पेरणीला डीएपी दिलं होतं तेवढंच. अजून एक विचारतो, मागच्या आठवड्यात चार दिवस आभाळ होतं आणि त्यानंतरच अळी वाढली, गावात सगळेच म्हणतात आभाळ आलं की अळी पडते, ते पण हेच का? आणि निंबोळी अर्क मारायचाय, तो सकाळी मारू का दुपारी?

कीटक_परभणी
आभाळाचं एवढं सरळ नाही दादा. ढगामुळं उजेड आणि अतिनील दोन्ही कमी होतात त्यामुळं झाडाची द्रव्यं थोडी कमी बनणार हे खरं, पण ढगाखाली लाल आणि फार-रेडचं प्रमाण झाडाच्या सावलीसारखं बिघडत नाही. आभाळाच्या दिवसांत हवेत ओल असते, अंडी आणि बारकी अळी वाळून मरत नाहीत, आणि आपली फवारणी पण पुढं ढकलली जाते. हरभऱ्यात तर पाऊस झाला की पानावरची आंब धुऊन जाते, त्या आंबेतलं मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड हीच त्याची राखण असते, म्हणून पावसानंतर घाटे अळीकडं (तुमची शेंगा पोखरणारी तीच) लगेच बघावं.

निंबोळी अर्क 5 टक्के, आणि मारायचा तो उन्हं कलल्यावर, संध्याकाळी. त्यातलं अळीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतं. घाटे अळीचा एचएएनपीव्ही हा विषाणू मारणार असाल तर तो पण संध्याकाळीच, अतिनील किरणात तो मरतो. जे ऊन झाडाला बळ देतं तेच आपल्या जैविक औषधाला मारतं हे लई जण विसरतात, सकाळी दहाला मारून ठेवतात आणि मग म्हणतात निंबोळीचा काही उपयोग नाही.

उन्हाच्या वेळेचं एक सांगायचं राहिलं. अमेरिकेत राइस विद्यापीठात 2012 साली मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडावर प्रयोग झाला, त्यात दिसलं की जॅस्मोनिक ॲसिड दिवसा दुपारच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, अळीच्या खाण्याच्या वेळेला धरून. काही झाडांचा दिवस-रात्रीचा क्रम उजेड बदलून 12 तासांनी उलटा केला आणि मग अळ्या सोडल्या, तर ती झाडं अळीनं कितीतरी जास्त खाल्ली. मला हे वाचून फार नवल वाटलं होतं, झाडाला अळी यायच्या आधीच वेळ माहीत असते.

हळदवाला_वसमत
तूर पुढच्या वर्षी त्या सहा-सात तासांत लावूच नका की. पाणी असेल तर तिथं हळद लावा, हळदीला थोडी सावली चालते, आमच्याकडं बांधाच्या झाडाखाली चांगली येते. पाणी नसेल तर तेवढ्या पट्ट्यात बैलाला कडवळ करा. आणि तूर टोकताना अंतर मोकळं ठेवा, दाट झाली की तुरीची सावली तुरीलाच पडते.

शिवार_औसा
हे पटलं. विहिरीला फेब्रुवारीपर्यंतच पाणी असतं, त्यामुळं हळद होणार नाही, कडवळच करतो. फांद्या ह्या रविवारी उतरवतो, दोन माणसं सांगितलीत, पाला शेळ्यांना होईल. आज संध्याकाळी आधी सावलीतल्या तासांना अर्क मारतो, आणि आठ दिवसांनी परत त्याच वीस झाडांखाली पोतं अंथरून किती पडल्या ते इथंच लिहितो.