मदत हवी आहे: मोठ्या आकारात देखणं दिसणारं माझं देवनागरी अक्षर ११ पॉइंटला डागाळतं

नमस्कार मंडळी,

मी ग्राफिक डिझायनर आहे. दिवसभर इतरांनी घडवलेली अक्षरं वापरते आणि गेली दोन वर्षं रोज रात्री तासभर स्वतःची अक्षरं काढते. मराठी मजकुरासाठी एक फॉन्ट करायचा आहे. शीर्षकांसाठी नाही, सलग वाचायच्या मजकुरासाठी. दोनशे पानांचा कथासंग्रह त्यात लागला पाहिजे आणि वाचणाऱ्याला अक्षराकडे बघायची आठवणही होऊ नये, एवढीच इच्छा आहे. इथे अक्षरांवर मनापासून प्रेम करणारी माणसं आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात बोरूने केली. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट अंगाला तिरका घेतात, त्यामुळे जाडी येण्याची दिशाच बदलते. हे मी कितीदा तरी वाचलं होतं, पण बोरू हातात धरून ‘व’चं पोट वळवलं तेव्हा खरं कळलं. वरच्या डाव्या खांद्यावर रेघ भरते, खाली डावीकडे उतरताना बारीक होते, आणि वळसा घेऊन दांड्याकडे जाताना पुन्हा भरते. त्या दिवशी मी फक्त ‘व’ काढत बसले. मग त्याच पोटातून ब, क कसे निघतात ते दिसायला लागलं आणि त्यानंतर मला थांबता आलंच नाही.

बोरूच्या कागदांवरून बाह्यरेषा काढल्या, मूळ अक्षरं झाली, आता साडेतीनशेच्या आसपास जोडाक्षरं झाली आहेत. ७२ पॉइंटला छापून भिंतीवर लावलं की मन भरून येतं. तोच मजकूर ११ पॉइंटला छापला की पान डागाळतं. डोळे किलकिले करून पाहिलं तर पानभर राखाडी रंग सारखा दिसायला हवा, तसा तो दिसत नाही. जिथे क्ष, ज्ञ, ष्ठ, त्त्व येतात तिथे काळे ठिपके पडतात, आणि ‘गरम’, ‘नगर’ असे शब्द शेजारी फिके पडतात. पहिला प्रश्न हाच आहे. गर्दीच्या अक्षरांतल्या रेघा बारीक करायला गेले तर ती अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून उचलून आणल्यासारखी दिसतात. किती बारीक करायचं आणि नेमकं कुठे?

शिरोरेषेचंही काहीतरी चुकतंय. ती मी उभ्या दांड्याइतकीच जाड ठेवली आहे, कारण मोजमापाने तेच बरोबर वाटलं. छापल्यावर मात्र प्रत्येक ओळीवर काळी पट्टी ओढल्यासारखं दिसतं. आणि स्क्रीनवर दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेत केसाएवढ्या पांढऱ्या फटी दिसतात. झूम केलं की जातात, कमी केलं की परत येतात.

दुसरा प्रश्न पहिल्या वेलांटीचा. ‘रिता’, ‘स्थिर’, ‘दक्षिण’ हे तीन शब्द एकाखाली एक ठेवून पाहा. ‘रि’वर वेलांटीची कमान बरोबर बसते. ‘स्थि’मध्ये ती ‘स्’वरच संपते आणि ‘थ’चा दांडा पोरका राहतो. सध्या माझ्याकडे वेलांटीचं एकच रूप आहे. किती रूपं पुरेशी होतील?

तिसरा प्रश्न एका शब्दाचाच आहे: ‘मूर्तींना’. खाली दीर्घ ऊकार, वर दुसरी वेलांटी, तिच्यावर रफार, त्यावर अनुस्वार. माझ्या फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांत घुसतात आणि वरच्या ओळीतला एखादा उकार येऊन त्यांना टेकतो. मी अनुस्वार उजवीकडे सरकवला, तर तो पुढच्या ‘ना’चा वाटतो.

शेवटचा मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. काही वर्षांपूर्वी एका भटकंतीच्या पुस्तिकेत ‘डोंगरदऱ्या’ हा शब्द ‘डोंगरदर्या’ असा छापला गेला. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘ऱ्य’ची सोय नव्हती, छापखान्यात कोणीतरी जवळचं म्हणून ‘र्य’ घातलं, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. पुस्तिका वाटून झाल्यावर एका आजोबांनी ती चूक मला दाखवली. ते रागावले नाहीत, नुसतं बोट ठेवलं. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे वेगळे शब्द आहेत, आणि तो फरक एका छोट्या आडव्या वळणावर उभा आहे. माझ्या फॉन्टमध्ये हे कधीही होता कामा नये. तसंच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच यायला हवेत. ते मी काढले आहेत, पण काही ठिकाणी हिंदी वळणाचे उमटतात, ‘ल्या’मध्ये तर हमखास. कारण सापडत नाही.

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं. नमुन्याची पानं मागितलीत तर लगेच पाठवते.

---

प्रतिसाद १ (जुना जुळारी)

ताई, मी छपाईसाठी शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवलेला माणूस. संगणकातलं मला फार कळत नाही, पण डागांचं दुखणं जुनंच आहे.

रेघ सगळीकडून सारखी बारीक करू नका, म्हणूनच ते अक्षर परकं दिसतंय. जिथे दोन रेघा भेटतात तिथला कोपरा आत खणा. ‘क्ष’मध्ये जिथे गाठ पडते तिथे शाई साचते, तिथे पांढरं वाढवा. बाहेरचा दांडा आणि पोटाची सर्वांत जाड जागा जवळजवळ तशीच राहू द्या, कारण वाचणारा ओळख त्यावरून धरतो. आणि अक्षराला थोडी जास्त रुंदी द्या. नवीन माणूस जोडाक्षराला एका अक्षराच्या जागेत कोंबतो. ‘त्त्व’ला हवी तेवढी जागा मिळाली की अर्धा डाग आपोआप जातो.

शिरोरेषा दांड्यापेक्षा बारीकच हवी. सारख्या जाडीची आडवी रेघ डोळ्याला उभ्या रेघेपेक्षा जाड दिसते. पट्टीने मोजू नका. छापून, कागद उलटा धरून पाहा. उलट्या कागदावर शब्द वाचता येत नाहीत, नुसता काळा-पांढरा हिशोब दिसतो.

जमलं तर निर्णयसागरची जुनी पुस्तकं भिंग घेऊन पाहा. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली छापखाना काढला, आणि त्याचं टंक लहान आकारातही इतकं मोकळं आहे की आजही वाचताना त्रास होत नाही. त्यातला ‘ष्ठ’ बघा. मोठ्या आणि लहान आकारात एकाच अक्षराचा घाट बदललेला दिसेल. शिशात प्रत्येक आकाराचा साचा वेगळा कोरावा लागे, त्यामुळे कोरणारा त्या आकारापुरता विचार करी. तुम्ही ७२ पॉइंटला काढून ११ पॉइंटला आकसता आहात. मला वाटतं मूळ गोम इथे आहे.

---

प्रतिसाद २ (फॉन्टची तांत्रिक बाजू सांभाळणारा)

वरच्या काकांशी पूर्ण सहमत. मी तांत्रिक बाजू सांगतो.

फटी: प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या रुंदीच्या बाहेर दोन्ही बाजूंना थोडी काढा, म्हणजे शेजाऱ्याच्या रेषेवर चढेल. नेमकी कडेला कड लावली की स्क्रीनवर फट दिसतेच.

वेलांटी: मी साधारण सहा ते आठ रुंदीची रूपं काढतो आणि अक्षरांचे रुंदीप्रमाणे गट पाडतो. कमानीचं टोक शेवटच्या अक्षराच्या दांड्यावर यावं. ट, ड, द यांना पूर्ण दांडा नाही, तिथे शिरोरेषेखालच्या मानेवर आणा.

‘मूर्तींना’: रफार आणि अनुस्वार वेगवेगळे बसवत राहू नका. रफार-अनुस्वार असं एक जोडचिन्ह काढा, आणि दुसरी वेलांटी, रफार, अनुस्वार या तिघांचंही एक काढा. त्यात बिंदू रफाराच्या कुशीत, किंचित लहान. ओळींमधलं अंतर ११ पॉइंटला १६-१७ तरी ठेवा. सॉफ्टवेअर आपोआप देतं ते अंतर रोमन अक्षरांसाठी ठरवलेलं आहे, आपल्या वरखालच्या मजल्यांना ते पुरत नाही.

‘ऱ्य’: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत, हे दोन प्रकारे टाइप होतं. एक, नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, हलंत आणि य. दोन, साधा र, हलंत, शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारं चिन्ह, ZWJ) आणि य. लोक दोन्ही वापरतात, तुमच्या फॉन्टला दोन्हींतून तेच रूप देता आलं पाहिजे. ‘ऱ्ह’ विसरू नका, ‘कऱ्हाड’ टाइप करून पाहा. तसंच ‘ॲ’चं. त्याला २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळालं, पण अ वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला जुना मजकूर भरपूर आहे. दोन्ही सारखे दिसू द्या.

‘ल’ आणि ‘श’: तुम्ही मराठी रूप भाषेनुसार बदलणाऱ्या फीचरमध्ये ठेवलेलं दिसतंय. ते चालण्यासाठी मजकुराला मराठी भाषा लावलेली असावी लागते. इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) परिच्छेदाची भाषा मराठी करा आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर हा भारतीय लिप्याही नीट जुळवणारा पर्याय निवडा. ‘ल्या’ बिघडतो कारण तुम्ही फक्त पूर्ण ‘ल’ बदलला आहे. अर्ध्या ल् चं आणि ‘ल्ल’चं मराठी रूप वेगळं काढून जोडावं लागेल. पण माझं स्पष्ट मत असं की फॉन्ट मराठीसाठीच असेल तर मराठी वळण हेच मूळ रूप ठेवा आणि हिंदीचं पर्यायी. तिरो देवनागरी या फॉन्टच्या मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा वेगवेगळ्या आवृत्त्या काढल्या आहेत, त्या शेजारी ठेवून पाहा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही ‘ल’ आणि ‘श’ची मराठी रूपंच प्रमाण धरली आहेत.

---

प्रतिसाद ३

बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा ग्रंथ मोठ्या ग्रंथालयात मिळाला तर चाळा, १९७१ चा आहे, तीन खंड. तुमच्या वेलांटीच्या प्रश्नाशी खिळे पाडणारे किती झगडले ते त्यात दिसतं.

---

धागाकर्ती

काका, दादा, खूप खूप आभार. पाच दिवस झाले, म्हणून सविस्तर सांगते.

काकांनी सांगितलं ते वाचून मी ११ पॉइंटसाठी ‘क्ष’ नव्याने काढला. जुन्याला हात लावला नाही, कोरा कागद घेतला. गाठ उघडी केली, रुंदी वाढवली. मोठा करून पाहिला तर थोडा अवघडलेला दिसतो, पण ओळीत जाऊन बसला तेव्हा शोधावा लागला. पान उलटं धरून पाहिलं, डाग नाही. आता ज्ञ आणि ष्ठ तसेच चालू आहेत, आणि मोठ्या आकारांसाठी वेगळा संच ठेवायचं ठरवलं आहे.

शिरोरेषा बारीक केली. फटी गेल्या. मराठी ‘ल’ आता मूळ रूप आहे, ‘ल्या’ आणि ‘ल्ल’ दोन्ही सुधारले. ‘मूर्तींना’साठी तिघांचं जोडचिन्ह काढलं, बिंदू रफाराच्या कुशीत बसला. ‘डोंगरदऱ्या’ दोन्ही प्रकारे टाइप करून छापला आणि तो कागद भिंतीवर लावला आहे.

एक अडलं आहे ते ‘ळ’चं. त्याच्या दोन वळशांतलं पांढरं ११ पॉइंटला भरून जातं. वळसे मोठे केले तर अक्षर शेजारच्यांपेक्षा रुंद होतं, आणि मराठीत ‘ळ’ इतक्या वेळा येतो की ओळीत पुन्हा पुन्हा भोकं पडतात. ‘वेळ’, ‘सकाळी’, ‘कळवळला’ असे शब्द घेऊन तीन नमुने केले आहेत. काका, ते पाठवते. कुठला वाचताना अडत नाही तेवढं सांगाल का?