शब्दचर्चा: 'लष्करी मदत' म्हणजे नेमकी कोणती मदत?

वर्णमाला
मी बातम्यांच्या भाषांतराचं काम करते. युक्रेनच्या बातम्यांत एक शब्दजोडी रोज हाताखालून जाते, 'लष्करी मदत', आणि ती मला फार सलते आहे. जानेवारी २०२२ मध्ये, रशियाचं आक्रमण व्हायच्या आधी, जर्मनीने ५,००० शिरस्त्राणं देऊ केली, ती लष्करी मदत. वर्षभराने, २५ जानेवारी २०२३ रोजी, त्याच जर्मनीने लेपर्ड-२ रणगाडे द्यायचं ठरवलं, तीही लष्करी मदत. ब्रिटनमध्ये युक्रेनी जवानांना प्रशिक्षण मिळतं, तेही यातच. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ३११ विरुद्ध ११२ मतांनी सुमारे ६१ अब्ज डॉलरचं विधेयक मंजूर केलं. त्यातले २३ अब्जांच्या आसपास अमेरिकेची स्वतःची रिकामी झालेली कोठारं भरायला होते, तरी बातमीत आकडा गेला तो 'युक्रेनला ६१ अब्जांची मदत' असाच.

खरी अडचण जनमताच्या बातम्यांत होते. युरोबॅरोमीटर ही युरोपीय संघाची नियमित पाहणी. तिच्यात माणसांना होणारी मानवतावादी मदत हा एक प्रश्न असतो आणि लष्करी साहित्य विकत घेऊन पुरवण्यासाठी पैसा देणं हा वेगळा. २०२४ च्या वसंतातल्या पाहणीत पहिल्याच्या बाजूने दहातले जवळपास नऊ जण होते, दुसऱ्याच्या बाजूने सहा. मराठीत दोन्हींची बातमी 'युक्रेनला मदत करण्यास युरोपीयांचा पाठिंबा' अशी आली, तर नऊ आणि सहा यांतला फरक वाचकापर्यंत पोचणारच नाही. आणि सगळा वाद तर त्या फरकातच आहे.

आणखी एक शब्द खटकतो, 'युद्धग्रस्त'. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या मालिकेतला हा शब्द. '-ग्रस्त' लावलं की संकट आभाळातून पडल्यासारखं वाटतं, कोणी आणलं ते दिसेनासं होतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर संकट कोसळलं नाही, रशियाचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं. ग्रस्तांना आपण चादरी, तंबू, धान्य पाठवतो. त्यामुळे 'युद्धग्रस्तांना मदत' वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पॅट्रियट क्षेपणास्त्रं येतच नाहीत.

जाणकारांनी सांगावं: जुन्या मराठीत या गोष्टींना वेगवेगळे शब्द होते ना?

बखरवाचक
होते, आणि चांगले ठसठशीत होते. 'कुमक' म्हणजे लढणाऱ्याच्या साहाय्याला धाडलेली फौज. मूळ शब्दाचा अर्थ नुसता साहाय्य एवढाच, पण मराठीत त्याला माणसं चिकटली. आजही 'पोलिसांची जादा कुमक मागवली' म्हणतो तेव्हा माणसंच येतात. त्यामुळे युक्रेनला तोफा दिल्या तर त्याला कुमक म्हणू नये. पाश्चात्त्य देशांनी तिथे लढायला आपल्या फौजा पाठवलेल्या नाहीत, आणि त्यांच्या जनमताची लक्ष्मणरेषाही नेमकी तीच आहे. कुमक लिहिलं की ती रेषा पुसली जाते.

'रसद' म्हणजे आधी दाणागोटा. पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि लष्कर उपाशी राहिलं. तोफा होत्या, धान्य नव्हतं. आज मात्र 'अमक्याला रसद पुरवली' हे वाक्य राजकारणात आतून, गुपचूप दिलेल्या बळासाठी वापरतात. उघड ठराव करून दिलेल्या शस्त्रांना रसद म्हटलं, तर उगाच काळंबेरं असल्याचा वास येतो.

तिसरा शब्द 'तैनाती फौज'. १८०२ च्या डिसेंबरअखेर वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी ती पत्करली. सैन्य इंग्रजांचं, खर्च पेशव्यांचा, आणि परराष्ट्र धोरणही गेलं इंग्रजांच्या हाती. परक्या लष्करी पाठबळाबद्दल मराठी मनात जो संशय आहे, त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे असावं असं मला वाटतं. पण युक्रेनच्या बाबतीत हा शब्द कोणी वापरला तर मी हरकत घेईन. तिथे फौज युक्रेनची आहे, लढण्याचा निर्णयही त्यांचाच.

मांडवीकाठ
विषयाला थोडा फाटा फोडतो. 'जनमत कौल' हा शब्द पाहण्यांसाठी वापरू नका, ही विनंती. आम्हां गोंयकारांसाठी त्याला तारीख आहे, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावर खरंखुरं मतदान झालं होतं. हजारभर लोकांना फोन करून विचारलं ती 'जनमत चाचणी' किंवा साधी 'पाहणी'.

वर्णमाला
मान्य. त्याला जोडून 'सार्वमत'ही जपून वापरायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये नेदरलँड्सने युक्रेनबरोबरच्या युरोपीय संघाच्या करारावर मतदान घेतलं. जेमतेम ३२ टक्के लोक आले, त्यांतल्या ६१ टक्क्यांनी विरोध केला. निकाल आवडो न आवडो, ते सार्वमत होतं. मार्च २०१४ मध्ये रशियन सैनिकांच्या पहाऱ्यात क्रिमियात जे झालं, त्याला तोच शब्द देणं मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही ते ग्राह्य धरलं नाही. तिथे 'रशियाने घेतलेलं मतदान' एवढंच लिहावं.

बर्लिनकर
इथे राहून ही चर्चा रोज ऐकतो, म्हणून लिहितो. जर्मन बातम्यांत 'मदत' असतेच, पण वाद पेटतो तो 'शस्त्रपुरवठा' या शब्दावर, आणि पुढे तर थेट शस्त्राच्या नावावर. लोकांना नुसतं 'युक्रेनला साहाय्य करावं का' विचारलं तर बहुतेक हो म्हणतात. लेपर्डबद्दल विचारलं तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, देश जवळपास निम्मा-निम्मा विभागला होता. टॉरस या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राबद्दल २०२४ मध्ये विचारलं तर बहुमत विरोधात गेलं. माणसं तीच, आक्रमणाबद्दलचं मतही तेच. वस्तू बदलली की उत्तर बदलतं. म्हणून बातमीत वस्तूचं नाव हवंच.

'शांतता' या शब्दाचीही ओढाताण चालू आहे. २५ फेब्रुवारी २०२३ ला ब्रांडेनबुर्ग फाटकापाशी डाव्या पक्षाच्या खासदार झारा वागेनक्नेश्ट आणि स्त्रीवादी लेखिका अलीस श्वार्झर यांनी शस्त्रपुरवठ्याविरुद्ध मोठी सभा घेतली, ती शांततेच्या नावाने. आणि युरोपीय संघ युक्रेनच्या शस्त्रांसाठी ज्या निधीतून पैसा देतो, त्याचं नाव 'युरोपीय शांतता निधी'. मराठीत हे नाव आलं की सोबत 'या निधीतून शस्त्रांचा खर्च दिला जातो' एवढं एक वाक्य जोडाच.

अहिंसावादी
वर्णमालाताई, तुमचं विवेचन आवडलं, पण मुळातच मतभेद आहे. शस्त्र कोणाच्याही हातात गेलं तरी ते माणूस मारतं. त्याला 'मदत' म्हणायलाच नको. नुसतं 'शस्त्रपुरवठा' म्हणा, म्हणजे वाचक स्वतः ठरवेल.

वर्णमाला
तुमची तळमळ कळते, आणि 'शस्त्रपुरवठा' जास्त नेमका आहे हेही खरं. पण तो शब्द विक्रीलाही लागतो. जुलै २०२५ पासून नाटोतले देश अमेरिकेकडून शस्त्रं विकत घेऊन युक्रेनला देऊ लागले. यात अमेरिका विकते आहे आणि युरोपीय देश देत आहेत. दोघांना एकच शब्द वापरला तर कर कोण भरतंय हे कळत नाही, आणि ज्यांचा कर जातो त्यांच्याच मताची तर बातमी असते. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ५१वं कलम हल्ला झालेल्या देशाला एकट्याने आणि इतरांच्या साथीने बचाव करण्याचा हक्क देतं. घरात घुसलेल्याला अडवणाऱ्याच्या हातात काठी देणं, याला मदत म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

मला जास्त टोचतं ते वेगळंच आहे. अमेरिकेतल्या प्यू या जनमत-अभ्यास संस्थेच्या पाहणीत, मार्च २०२२ मध्ये ७ टक्के अमेरिकी लोकांना मदत 'फार जास्त' वाटत होती, २०२३ च्या डिसेंबरमध्ये ३१ टक्क्यांना. हे आपण छापतो. 'जनता काय म्हणते' यात ज्यांच्यावर आक्रमण झालं ती जनता मात्र क्वचितच असते. गॅलप या अमेरिकी पाहणी संस्थेने युक्रेनमध्ये विचारलं तेव्हा २०२२ मध्ये ७३ टक्के लोक विजयापर्यंत लढायचं म्हणत होते. २०२५ च्या उन्हाळ्यात ६९ टक्के लोकांना वाटाघाटींनी लवकरात लवकर युद्ध संपायला हवं होतं. अहिंसावादी, हा आकडा तुमच्या बाजूने जातो असं वाटेल, पण तो सांभाळून वाचा. वाटाघाटी हव्या म्हणजे शरणागती हवी, असं त्यात कुठेच नाही. 'युक्रेनी जनता थकली' हे मथळ्यात लिहिणं सोपं आहे. त्यांना काय मान्य आहे आणि काय नाही, हे लिहायला जागा लागते. ती दिली पाहिजे.

बखरवाचक
एक शब्द राहिला, 'वर्गणी'. २०२२ मध्ये लिथुएनियाच्या लोकांनी बायरक्तार ड्रोनसाठी तीन-चार दिवसांत सुमारे ५० लाख युरो जमवले. तुर्की कंपनीने ते ड्रोन फुकट दिलं. चेक लोकांनी पैसे गोळा करून टी-७२ रणगाडा घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'टोमाश'. स्लोव्हाकियात रॉबर्ट फित्सो यांच्या सरकारने सरकारी शस्त्रं देणं थांबवलं, तर २०२४ मध्ये तिथल्या नागरिकांनी तोफगोळ्यांसाठी ४० लाख युरोंहून अधिक रक्कम उभी केली. वर्गणी देणारे म्हणजे सगळा देश नव्हे, निवडणूक तर फित्सोच जिंकले होते. पण पाहणीत 'हो' म्हणणं आणि खिशात हात घालणं, या दोन्हींना आपण 'पाठिंबा' म्हणतो, ते योग्य नाही. पहिला पाठिंबा, दुसरं पाठबळ.

वर्णमाला
पाठिंबा आणि पाठबळ, हे एकदम पटलं. इंग्रजी बातमीत दोन्हींना 'सपोर्ट'च असतं, म्हणून आपण घसरतो. स्लोव्हाकियाच्या बातमीला आता 'तोफगोळ्यांसाठी लोकवर्गणी' असा मथळा देईन. 'युद्धग्रस्त'ला मात्र अजून पर्याय मिळाला नाही. 'आक्रांत', म्हणजे ज्याच्यावर आक्रमण झालं तो, आहे, पण किती जणांना कळेल? कोणाला सुचलं तर लिहा.

मांडवीकाठ
'आक्रांत'ने लोकांना आक्रोश आठवेल. शब्दच कशाला हवा? 'रशियाने आक्रमण केलेला युक्रेन' लिहा. चार शब्द लागतील, पण कोणी केलं ते त्यात येतं.