मदत हवी आहे: गाडी न चालवता सिसिली, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आई-बाबांना घेऊन सिसिलीला जायचं घाटतंय. हाताशी आठ रात्री. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस त्यांचं टूरबरोबर झालेलं आहे, त्यामुळे या वेळी फक्त हे बेट.

बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांची अट एकच, आर्किमिडीजचं सिराकुझा. बाकी कुठेही न्या म्हणतात. आईला सपाटीवर कितीही चालवा, पण पायऱ्या उतरताना गुडघे बोलायला लागतात. ती मांस, मासे, अंडी काहीच खात नाही. मला गाडी येते, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने, तेही इटालियन लोकांच्या गर्दीत, नको.

कच्चा आराखडा असा: पालेर्मो २ रात्री, आग्रिजेंतो १, रागूझा १, सिराकुझा २, ताओर्मिना २. हे जमण्यासारखं आहे का? ट्रेन-बसवर विसंबता येतं का? आणि आईच्या जेवणाचं काय? व्हिसाबद्दलही कोणी सांगितलं तर बरं होईल.

घाटवाट:
ताई, आराखडा कागदावर छान आहे, पण आठ रात्रींत पाच हॉटेलं म्हणजे आई-बाबांची सहल बॅगा भरण्यातच जाईल. सिसिली लहान नाही, क्षेत्रफळ जवळजवळ २५,७०० चौ. किमी. आणि ट्रेन किनाऱ्याने बऱ्या असल्या तरी आतल्या भागात संथ आणि मोजक्या. आग्रिजेंतोहून रागूझाला सार्वजनिक वाहनाने जायचं तर दिवस गेलाच म्हणा.

माझं मत: कतानियाला उतरा आणि विमानतळाबाहेरूनच सिराकुझाची थेट बस घ्या, सव्वा-दीड तास लागतो. मुक्काम ऑर्टीजियात. हा जुन्या शहराचा बेटासारखा भाग, पुलांनी जोडलेला आणि बराचसा सपाट, म्हणजे आईंना सोयीचा. तिथलं कॅथेड्रल चुकवू नका. इ.स.पू. पाचव्या शतकातलं अथेना या ग्रीक देवीचं देऊळ पाडलंच नाही, दोन खांबांच्या मधल्या जागा भिंतींनी बुजवून त्याचं चर्च केलं. ते जाडजूड डोरिक (साध्या ग्रीक शैलीचे) खांब आजही भिंतीतून बाहेर डोकावतात. दर्शनी भाग मात्र १६९३च्या भूकंपानंतरचा, पूर्ण बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या शैलीतला. सकाळी लवकर जा. बरीच चर्च दुपारी तीन-चार तास बंद असतात.

बाबांसाठी एक गोष्ट. सिराकुझातल्याच नेआपोलिस या उत्खनन परिसराजवळ 'आर्किमिडीजची कबर' म्हणून जी दाखवतात ती त्याची नाही, रोमन काळातली आहे. खरी कबर सिसेरो या रोमन वक्त्याने इ.स.पू. ७५ मध्ये काट्याकुट्यांतून शोधून काढली होती. ओळख पटली ती वरच्या गोल आणि दंडगोलाच्या आकृतीवरून. गोलाचं घनफळ त्याला वेढणाऱ्या दंडगोलाच्या दोन-तृतीयांश असतं, हा आर्किमिडीजचा सर्वात आवडता शोध. आता ती जागा कोणालाच ठाऊक नाही. त्याच परिसरातलं ग्रीक नाट्यगृह ऑक्टोबरात मोकळं पाहायला मिळेल. मे-जूनमध्ये तिथे नाटकं होतात तेव्हा दगडी पायऱ्या लाकडी बाकांखाली झाकलेल्या असतात.

तिथूनच नोतो एका दिवसात होतं. १६९३च्या भूकंपात जुनं गाव भुईसपाट झालं, ते सोडून काही किलोमीटरवर नव्याने आखून वसवलं. त्यामुळे एक सरळ रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडाचे वाडे. ट्रेनने गेलात तर स्टेशन खाली आणि गाव वर, चढ आहे. बस थेट बागेपाशी सोडते, ती घ्या. रागूझा इब्ला (रागूझाचा खालचा, जुना भाग) मात्र आईंच्या गुडघ्यांसाठी विचार करून ठरवा. वरच्या भागातून इब्लात पायऱ्यांनी उतरतात ते दृश्य जबरदस्त, पण स्थानिक बसही खाली जाते. बाबांना एकट्याला पायऱ्यांनी पाठवा.

रविवारी बस फार विरळ. रविवार ऑर्टीजियातच ठेवा.

मुक्कामपोस्ट_मिलान:
जेवणाचं मी सांगते. शाकाहारींसाठी सिसिली उत्तर इटलीपेक्षा सोपी. पास्ता आल्ला नोर्मा (वांगी, टोमॅटो, खारवलेलं रिकोटा), कापोनाता (आंबटगोड वांगी), आणि पालेर्मोत पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून देतात. आईंना त्या परक्या वाटणारच नाहीत. सावध राहायचं ते अंचोवी माशापासून. पावावर, स्फिंचोनेवर (पालेर्मोचा जाड पिझ्झा), भाजीतही तो न विचारता येतो. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा' हे पाठ करून ठेवा. अंड्याचं कटाक्षाने असेल तर ताजा पास्ता टाळून वाळवलेला मागा. चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात, बऱ्याचदा वासराच्या पोटातलं) चालतं का, ते आधी घरीच ठरवा. अरांचिनी (भाताचे तळलेले गोळे) बहुतेक खिम्याचे असतात, विचारून घ्या.

बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो दिसतील. ती फसवणूक नाही, टेबलाचं शुल्क आहे.

ट्रेनचं छापील तिकीट घेतलंत तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारा, नाहीतर दंड. व्हिसा शेंगेनच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ऑक्टोबरसाठी जूनमध्ये कामाला लागा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आई-बाबांनी टूरच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले त्याला पाच वर्षं झाली नसतील तर बहुधा पुन्हा द्यावे लागणार नाहीत.

काठावरचा:
घाटवाट यांचं बाकी सगळं मान्य, पण सिराकुझाच्या नादात पालेर्मो कापू नका हो! सिसिली म्हणजे नुसतं ग्रीक आणि बरोक नव्हे. रॉजर दुसरा या नॉर्मन राजाने बाराव्या शतकात बांधवलेल्या कापेल्ला पालातीनामध्ये (राजवाड्यातलं छोटं चर्च) भिंतींवर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या धाटणीचं सोनेरी मोझेक आणि डोक्यावर अरब कारागिरीचं लाकडी छत, एकाच खोलीत. त्यात मोनरेआलेचं कॅथेड्रल, शहरातून बसने जाता येतं. यासाठी आग्रिजेंतो सोडलं तरी चालेल, आणि मी आग्रिजेंतोचा भक्त आहे.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना कबरीचं वाचून दाखवलं, आता ते दंडगोलाचं सूत्र आईला समजावत बसलेत. ताओर्मिना, आग्रिजेंतो काढलं. आता सिराकुझा ५ रात्री आणि पालेर्मो ३, जाताना कतानिया विमानतळ, येताना पालेर्मो. मधला प्रवास ट्रेनने की बसने?

घाटवाट:
बसने, साधारण साडेतीन तास. ट्रेनने बहुतेक कतानियाला बदलावी लागते आणि वेळही जास्त जातो. फक्त तो दिवस रविवार नसेल एवढं पाहा. आणि ऑक्टोबरात तिकडे अचानक जोरदार सर येते, तिघांनाही छत्र्या असू द्या.