महाधनेश आणि गॅनोडर्मा: तुलना कोणत्या मुद्द्यांवर करावी?

प्रश्न:
बारावीच्या प्रकल्पासाठी महाधनेश हा पक्षी आणि गॅनोडर्मा ॲप्लॅनेटम ही बुरशी घेतली आहे. रंग-आकाराचा तक्ता झाला, पण त्यात दम नाही. मुद्दे सुचवाल का? बुरशीचं वर्गात काय दाखवता येईल? आणि धनेशाची ढोली हीच बुरशी करते का?

भूछत्र:
खोडावरचं लाकडी छत्र म्हणजेच अख्खी बुरशी धरली, की तक्ता फसतो. ते फक्त बीजाणू (बुरशीची बीजासारखी सूक्ष्म भुकटी) सोडणारं अंग. खरं शरीर लाकडात पसरलेलं कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचं जाळं; तुलना त्याच्याशी करा. दोघंही परपोषी, म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः न बनवणारे. धनेश वड-उंबराची फळं गिळून पोटात पचवतो. बुरशी विकरं (पाचक एन्झाइम) बाहेर सोडते, लाकूड तिथेच विरघळवते आणि मग शोषते. अन्नसाठा मात्र दोघांचाही ग्लायकोजेन या कर्बोदकाचा, झाडासारखा स्टार्चचा नव्हे. बुरशी नात्याने झाडापेक्षा धनेशाच्या जवळची, हे ठळक लिहाच.

वर्गासाठी: कडेला पांढरी वाढ दिसणारं ताजं छत्र घ्या (अभयारण्यातून नको). छिद्रांची बाजू खाली करून तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाडगा पालथा घाला. सकाळी तपकिरी भुकटी दिसेल. कागद कोराच राहिला, तर बहुधा छत्र वाळलेलं. खालची पांढरी बाजू काडीने ओरखडली की तपकिरी पडते, ही ओळखीची खूण.

रानपाखरू:
ढोलीचं श्रेय गॅनोडर्माला देताना जपून. ती बहुधा बुंध्याशी असते आणि धनेशाची ढोली उंचावर. तिथे फांदी मोडलेल्या जखमेतून फेलिनससारख्या बुरशा शिरतात. गाभा कुजतो, बाहेरचं लाकूड जिवंत राहतं, म्हणून पोकळ झाडही उभं असतं. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. मादी आत बसून विष्ठा आणि अन्नाच्या चोथ्याने तोंड लिंपते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. एक-दोन अंडी, उबवण सुमारे ४० दिवस.

पण कुजणं तिथे थांबत नाही. तळ खचत गेला की मादी फटीपर्यंत पोचत नाही आणि ढोली निकामी होते. थायलंडच्या खाओ याई उद्यानात धनेशांच्या अभ्यासक पिलाई पूनस्वाद यांच्या गटाने असे तळ भरून ढोल्या पुन्हा वापरात आणल्या. प्रकल्पाचा कणा हाच करा, आणि त्यासाठी गॅनोडर्माऐवजी फेलिनस घ्या.

निरीक्षणाला गेलात तर ढोलीखाली थांबू नका. माणूस दिसला की नर चारा घेऊन येत नाही, आणि आतली मादी त्याच्याच चाऱ्यावर असते, तिची उड्डाणपिसं झडलेली असतात.