मनगटावरची गाठ ठोकून फोडू नका

निपाणीच्या वहिनींच्या मनगटाच्या पाठीवर गाठ आलीय आणि शेजारी वजनाच्या मापाने ठोकायला सांगतायत, तर काय करावं, असं एकाने विचारलंय. मुळीच ठोकू नका. ही गाठ म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. ठोकल्यावर ती फुटते, पण सांध्याच्या आवरणाला चिकटलेला तिचा देठ तसाच राहतो. गाठ परत भरते, वर एखादं बारीक हाड मोडलं तर वेगळीच कटकट.

आत पू नसतो, जेलीसारखा घट्ट, पारदर्शक द्रव असतो. अंधारात मोबाईलचा टॉर्च गाठीला कडेने टेकवा. आतून उजळली तर बहुधा अशीच द्रवाची गाठ, म्हणजे गँगलियन. उजळली नाही, भराभर वाढतेय किंवा लाल-गरम आहे, तर डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी.

दुखत नसेल तर हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत. निम्म्याच्या आसपास गाठी काही वर्षांत आपोआप जिरतात. वहिनींना विड्या वळताना कळ येत असेल तर थोडे दिवस मनगटाचा पट्टा बांधा. कायम बांधला तर मनगट आखडतं.

सुईने काढायची तर जाड, 16 किंवा 18 गेजची सुई लागते. बारीक सुईत तो द्रव चढतच नाही. तरी निम्म्याहून जास्त वेळा परत भरते. तळहाताकडे, अंगठ्याच्या बाजूला असेल तर नाडीची धमनी अगदी लगत असते, तिथे आंधळेपणाने सुई नको. ऑपरेशनमध्ये देठ आणि आवरणाचा छोटा तुकडा निघाला पाहिजे. नुसती पिशवी काढली तर गाठ पुन्हा येण्याची शक्यता जास्त. बेळगावला डॉक्टरांना दाखवाल तेव्हा नेमकं हेच विचारा.